बारा रुपयांची खोली

आमच्या पापडीच्या घरात माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. तीन पिढ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, जीर्ण झालेली रेशनकार्डे आणि सुतळीने बांधलेली भाडेपावत्यांची दोन पुडकी एवढाच त्यातला ऐवज. मुंबईच्या चुलतभावाने मध्यंतरी एक जुनी पावती शोधून ठेवण्यास सांगितले, त्या निमित्ताने हा डबा बऱ्याच वर्षांनी उघडला गेला. पहिल्या पुडक्यातील पावत्या आमच्या आजोबांच्या नावाने फाडलेल्या आहेत: माझगाव, दुसरा मजला, खोली एक, मासिक भाडे रुपये बारा. आजोबा गोदीत कामाला होते. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी त्यांनी ही खोली घेतली आणि शनिवारी संध्याकाळी गाडी पकडून ते गावी येत असत. दुसऱ्या पुडक्यात मात्र पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आहेत. पापडीला रस्त्याकाठी आमच्या दोन खोल्या होत्या, त्या बाहेरगावच्या शिक्षकांना आणि बाजारातील एका शिंप्याला दिलेल्या असत. त्यांच्याकडून आलेल्या भाड्याची ही नोंद. म्हणजे एकच कुटुंब मुंबईत भाडेकरू होते आणि पापडीत घरमालक. भाडे नियंत्रण कायद्याविषयी आम्ही आयुष्यभर दोन तोंडांनी बोलत आलो, त्याचे कारण या दोन पुडक्यांत आहे.

या कायद्याची कुळकथा युद्धापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा आला, बांधकामाचे सामान मिळेनासे झाले आणि भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारने भाड्यावर पहिले निर्बंध घातले. युद्धापुरता उपाय, असेच त्याचे स्वरूप होते. याच १९१८ साली वांद्र्याला सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी स्थापन झाली, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्याआधी तीन वर्षे गावदेवीला सारस्वत मंडळींनी आपली सहकारी गृहसंस्था काढली होती. सरकार मालकाचा हात धरीत होते, त्याच सुमारास काही समाज मालकावाचून घर कसे मिळेल याचा विचार करीत होते. आमच्या आजोबांसारख्या गोदीकामगाराच्या आवाक्यात अर्थातच तसली सोसायटी नव्हती.

पहिल्या युद्धाचे निर्बंध कालांतराने उठले. दुसरे युद्ध आले आणि १९३९ मध्ये भाडे निर्बंधाचा नवा कायदा झाला, १९४४ मध्ये आणखी एक झाला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना, या सर्वांना एकत्र करणारा १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला. तो अमलात आला १३ फेब्रुवारी १९४८ रोजी. त्यात एक तारीख होती, जी पुढे अर्धशतकभर मुंबईच्या मानगुटीवर बसून राहिली: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडे होते तेच त्या जागेचे प्रमाण भाडे. त्यानंतर प्रथम भाड्याने दिलेल्या जागेचे प्रमाण भाडे म्हणजे प्रथम ठरलेले भाडे. करात वाढ झाली तर तेवढी मागता येई, दुरुस्ती वा सुधारणा केली तर थोडी वाढ कायद्याने मिळू शके. बाकी महागाई कितीही वाढो, भाडे जागच्या जागी.

आज हे वाचताना कोणाला हा अन्याय वाटेल, परंतु त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणावी. १९४१ च्या शिरगणतीत मुंबई शहराची वस्ती सुमारे १५ लाख होती, १९५१ मध्ये ती सुमारे २३ लाख झाली. फाळणीनंतर निर्वासितांचे तांडे आले. मालक सांगेल ते भाडे आणि वर पागडी दिल्यावाचून छप्पर मिळत नसे. ज्याच्यापाशी पागडी नव्हती तो रस्त्यावर. आमचे आजोबा गोदीतील मजुरीवर सात माणसांचे पोट भरीत होते. भाडे बाराचे चाळीस झाले असते तर खोली सोडून त्यांना गावी परतावे लागले असते आणि आमच्या वडिलांचे मुंबईतील शिक्षण तिथेच संपले असते. त्या कायद्याने आमच्या घराला उभे केले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. धोबीतलावच्या कुडांमधून राहणारे गोवेकर खलाशी, गिरगाव-भायखळ्याच्या चाळींतील गिरणी कामगार, सर्वांचीच ही गोष्ट. मालकाने भाडे नाकारले तर ते लघुवाद न्यायालयात भरता येत असे, आणि भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबियांना भाडेहक्क मिळत असे. मागील पिढीच्या मुंबईकराला अशी स्वस्थ झोप अन्य कोणत्या कायद्याने दिली असेल, असे वाटत नाही.

चूक झाली ती पुढे. हा कायदाही तात्पुरताच होता. मूळ मुदत ३१ मार्च १९५० पर्यंतची होती. मुदत संपत आली की सरकार ती वाढवी. पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवी. भाडेकरू लाखांनी होते आणि मालक हजारांनी, म्हणून कोणत्याही पक्षाच्या सरकारला यात हात घालण्याचे धैर्य झाले नाही. परिणामी १९४० सालचे भाडे १९९० सालच्या मालकाच्या हाती पडत राहिले.

माझगावच्या इमारतीचे मालक आपल्याच धर्माचे, एक ईस्ट इंडियन कुटुंब होते. त्यांचे मेहताजी दर महिन्याच्या पाच तारखेला जिना चढून येत. आमच्या लहानपणी त्यांना चहा मिळे. पुढे पुढे मेहताजी चहाला नको म्हणू लागले, कारण चौदा खोल्यांचा चहा पिण्यात सकाळ जाई आणि जमलेल्या भाड्यात त्यांचा स्वतःचा पगारही जेमतेम निघे. जिन्याची लाकडी पायरी मोडली की आम्ही मालकाकडे बोट दाखवीत असू. मालक म्हणत, भाड्यात खिळेसुद्धा येत नाहीत. पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपे, तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी वर्गणी काढून डांबर टाकले. खालच्यांनी वर्गणी दिली नाही, कारण त्यांच्या डोक्यावर पाणी पडत नव्हते. कडीपाटाला वाळवी लागली तेव्हा वर्गणीचाही विषय निघाला नाही. एवढा खर्च त्यांच्या घरात आम्ही का करावा, असे आम्ही म्हणत होतो. आणि राहतात तर ते, आम्ही का करावा, असे मालक म्हणत होते. कायद्याने भाडे गोठवले, पण लाकूड, चुना आणि लोखंड काही गोठत नाही.

हीच अवस्था सर्व शहराची होती. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे इमारत कोसळू लागली, तेव्हा १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि मुंबई बेटातील जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला. त्या वेळी मोजलेल्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतील १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या म्हणून 'अ' वर्गात घातल्या गेल्या. पुन्हा तीच तारीख! मालकाने करावयाची दुरुस्ती मंडळाने शिरावर घेतली. मंडळ आले, टेकू लागले. आमच्या इमारतीला जे टेकू लागले ते काढण्याचे मुहूर्त पुढे कधी आलेच नाहीत. मुले त्यांच्याभोवती लपंडाव खेळत मोठी झाली.

एकदा माझगावच्या एका अंत्यविधीला मालकांची लेक भेटली. तीही आता वयस्कर झाली होती. बोलता बोलता ती म्हणाली, “तुमचा तो जिना माझ्या आजीच्या सोन्याने बांधलेला आहे. चौदा खोल्यांच्या भाड्यात आमचं जिन्यातल्या दिव्याचं बिल भागत नाही, आणि लोक आम्हांला लँडलॉर्ड म्हणतात.” आम्ही काही बोललो नाही. त्याच वर्षी शेजारची खोली पागडीने हस्तांतरित झाली होती आणि तिची रक्कम सर्वांना ठाऊक होती. तिच्यातला एक हिस्सा रीतीप्रमाणे मालकाच्या घरी गेला होता, तोही बिनपावतीचा, कारण १९४७ च्या कायद्यान्वये अशी रक्कम घेणे हा मालकाचा गुन्हा होता. जाणारा, येणारा आणि मालक तिघेही रविवारी मिस्साला येणारे. पापनिवेदनात पागडीचा उल्लेख कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता पापडीच्या पुडक्याकडे वळू. त्यातली शेवटची स्थळप्रत १९७३ सालची आहे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लीव्ह अँड लायसन्सने म्हणजे केवळ परवानगीने जागेत राहत होते, ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. मुंबईत हजारो कुटुंबांना यामुळे आधार मिळाला. पण ही वार्ता शुक्रवारच्या बाजारात पोहोचली तेव्हा तिचा अर्थ एवढाच उरला होता, की ज्याला खोलीत घेतले त्याची खोली झाली. कायदा नेमका कोठे व कोणाला लागू, याची विचारपूस करण्यास वडिलांपाशी सवड नव्हती. त्यांनी शिक्षकांना हात जोडून दुसरी जागा पाहण्यास सांगितले, शिंप्याला थोडे पैसे देऊन वाटेस लावले, आणि दोन्ही खोल्यांना कुलूप घातले. आम्ही त्यांना म्हटले, “बाबा, माझगावला आपणही भाडेकरूच आहोत ना?” ते म्हणाले, “म्हणूनच मला ठाऊक आहे.” त्या खोल्यांत पुढे कित्येक वर्षे कांदे, नारळ आणि जुन्या खाटा राहत होत्या. पलीकडे नोकरीसाठी नव्याने आलेली माणसे जागा शोधीत फिरत होती. अशी किती घरे बंद राहिली याचा हिशेब कोणी ठेवला नाही, परंतु आपल्या आळीत डोकावून पाहिले तर प्रत्येकाला दोन-चार कुलपे आठवतील.

मुंबईतही धनिकाने भाड्यासाठी चाळ बांधावी, हा धंदाच संपला होता. बांधायची ती मालकीने विकण्यासाठी. ज्याला गिरगावात भाड्याची खोली मिळत नव्हती त्याने कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून मालकीचा फ्लॅट घ्यायचा. आणि तो परवडणार कोठे, तर पश्चिम रेल्वेच्या टोकाला. बोरिवली भरली, मीरा रोड, भाईंदर भरले, मग खाडी ओलांडून लोक आपल्याकडे आले. १९८८ मध्ये वसई-विरारच्या हरित पट्ट्यातील जमीन बांधकामास खुली झाली आणि १९९० मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून येथे आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीचा लढा आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. टँकर, आटलेल्या विहिरी, केळीच्या बागांवर उभ्या राहिलेल्या इमारती यांविषयी या समाजाने पुष्कळ लिहिले आहे. त्यात बिल्डर आला, पुढारी आला, गुंड आला. भाडेपावती मात्र कोणाच्या लेखात आलेली आम्ही पाहिली नाही. सगळा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लोकसंख्या, रेल्वे आणि पैशाचा लोभ यांचा वाटा फार मोठा आहे. तथापि मुंबईत रास्त भाड्याने घर मिळत असते, तर नालासोपाऱ्याला दीडशे पायऱ्या चढून पाणी भरणाऱ्यांतले कित्येक जण तेथे आलेच नसते, एवढे आम्ही खात्रीने म्हणतो.

वसईच्या माणसाला भाडेकरूचा प्रश्न समजावून घेण्यास एक जवळचा दाखला आहे, तो कूळ कायद्याचा. भाडे कायदा १९४७ चा, कूळ कायदा १९४८ चा; एकाच सरकारची ही दोन अपत्ये. शेतीच्या बाबतीत १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. साधारण कुळाने मूळ मालकास द्यावयाची किंमत जमिनीच्या आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान ठरवली जाई. आपल्या धर्मग्रामांतून दोन्ही बाजूंची कुटुंबे आहेत. कोणाची वाडी गेली, कोणाला वाडी मिळाली, आणि दोन पिढ्या एका बाकावर बसून न बोलणारे भाऊबंदही आम्ही पाहिले. कडूपणा आला, नाही असे नाही. तरीसुद्धा नाते तुटले आणि ज्याची वाडी झाली त्याने विहिरीला मोट बसवली, पुढे पंप बसवला, कलमे लावली. घराच्या बाबतीत सरकारने हे केले नाही. भाडेकरूला मालक केले नाही आणि मालकाला मालक ठेवले नाही.

पुढे १९८६ मध्ये शेतीचाच मार्ग घराला लावण्याचा एक प्रयत्न झाला. म्हाडा कायद्यात नवे प्रकरण घालून अशी तरतूद झाली, की उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केल्यास सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला मिळावा. बारा रुपयांच्या खोलीचे बाराशे रुपये! मालकांच्या संघटनेने न्यायालय गाठले. खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात म्हटल्याप्रमाणे समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते काय, हा त्यातला प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता तशी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयातील अर्ज १९९२ सालचा होता. मेहताजी केव्हाच गेले होते.

दरम्यान १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की प्रमाण भाड्याची ही कलमे काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती आणि सरकार नवा कायदा करीत होते, म्हणून ती रद्द मात्र केली नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा; तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात पाच टक्के वाढ दिली आणि पुढे दरसाल चार टक्के. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटीहून अधिक भागभांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढले. पागडी, जी इतकी वर्षे गुन्हा होती, ती कायदेशीर केली. सोपा हिशेब करू. २००० साली वीस रुपये भाडे असेल तर ते एकवीस झाले. दरसालचे चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते छप्पन्न रुपये होते. मालकांची लेक त्या वेळी हयात होती. तिने हा हिशेब आम्हांला वर्तमानपत्राच्या कडेवर करून दाखवला होता.

त्यानंतरही प्रस्ताव आले. निवासी ८६२ चौरस फुटांहून आणि व्यापारी ५४० चौरस फुटांहून मोठ्या जागांचे संरक्षण काढावे, असा एक प्रस्ताव २०१५ च्या सुमारास पुढे आला; दक्षिण मुंबईत निदर्शने झाली आणि सरकारने तो मागे घेतला. आमच्या मते यात दोन्ही पक्षांनी समंजसपणा दाखवावयास हवा होता. हजार चौरस फुटांच्या जागेत राहून शेदोनशे भाडे देणारा आणि आमच्या आजोबांसारखा गोदीकामगार यांना एकाच छत्रीखाली उभे करणे न्यायाचे नव्हे. पण त्याच मोठ्या जागेत निवृत्तिवेतनावर जगणारी एकटी बाई असेल, तर तिने सत्तराव्या वर्षी बाजारभाव कोठून द्यावा? फुटपट्टीला उत्पन्न मोजता येत नाही. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्यास मान्यता देऊन तो राज्यांकडे पाठवला; त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत घेऊ नये असे आहे आणि तो नव्या करारांपुरता आहे. जुन्या खोल्यांचा प्रश्न त्यानेही बाजूला ठेवला.

तोवर जुन्या खोल्या स्वतःच प्रश्न सोडवीत होत्या. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. माझगावची आमची इमारत तशी पडली नाही, देवाची कृपा. धोकादायक ठरवून ती रिकामी केली गेली. चुलतभाऊ कुटुंबासह संक्रमण शिबिरात गेला, तो अजून तेथेच आहे.

पापडीच्या खोल्यांचे कुलूप वडिलांच्या मागे आम्ही काढले. १९९९ च्या कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करार करून तेथे आता एक परिचारिका आणि तिची आई राहतात. दर अकरा महिन्यांनी त्या दोघी थोड्या गप्प होतात, हे आमच्या लक्षात येते. भाडे किती वाढवणार, की जा म्हणणार, असे त्यांच्या मनात असावे. माझगावच्या खोलीत ही भीती आम्ही कधी अनुभवली नव्हती.

चुलतभावाला हवी असलेली पावती सापडली. पुनर्विकासात नवे घर मिळण्यासाठी १३ जून १९९६ पूर्वीचे भाडेकरू असल्याचा पुरावा लागतो. मे १९९६ ची पावती पुडक्यात तळाशी होती: आजोबांचेच नाव, कराची वाढ धरून भाडे एकतीस रुपये, आणि खाली मेहताजींची थरथरती सही. आम्ही तिची झेरॉक्स काढली, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि सकाळच्या गाडीने स्वतः नेऊन दिली.